नव्या माशाला आधी वेगळी टाकी

गोड्या पाण्यातले गप्पी नि गोल्डफिश सांभाळून हात बसला, की घरातल्या पुरुषमंडळींना एक दिवस खाऱ्या पाण्याच्या टाकीचे वेड लागते. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आल्यापासून मुलांचाही त्यासाठी लकडा असतो. मग टाकी येते, खास मीठ येते, पंप येतात, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश येतो, त्याच्या जोडीला निळा टँग येतो. पंधरा दिवसांनी उत्साह ओसरला की खायला घालणे, पाणी बदलणे आणि मेलेला मासा मुलांच्या नजरेआड करणे ही कामे कुणाकडे येतात, ते तुम्हाला सांगायला नकोच! तेव्हा मैत्रिणींनो, टाकी त्यांची असली तरी तिची नीट माहिती आपल्याला हवी.

सगळ्यात जास्त घात करतो तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. माशाच्या अंगावर, परांवर मिठाचे कण शिंपडावेत तसे ठिपके दिसतात. मासा दगडाला अंग घासतो, कल्ले भराभर हलवतो, खाणे सोडतो. हा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटान्स. १९५१ साली ब्राउन या संशोधिकेने त्याला हे नाव दिले. (आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेही याच साली.) समुद्रात याचा एवढा उपद्रव होत नाही, कारण अथांग पाण्यात त्याच्या पिलांपैकी फार थोड्यांनाच मासा सापडतो. चार फुटांच्या टाकीत मात्र ती कुठे चुकणार?

आता याची गंमत ऐका, कारण बहुतेकजणी इथेच फसतात. तीन ते सात दिवस माशाच्या अंगात राहून पोट भरले की हा परजीवी आपण होऊन गळून पडतो. अंग स्वच्छ दिसते, मासा पुन्हा खाऊ लागतो. आपल्याला वाटते, झाला बरा! पण गळून पडलेला जीव तळाशी, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिले तयार होतात. काही दिवसांनी कवच फुटते नि ती माशांवर तुटून पडतात. म्हणून दुसरी खेप पहिल्यापेक्षा वाईट असते. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिलांना. माशाच्या अंगात असलेल्यांना नाही आणि कवचातल्यांनाही नाही. ठिपके गेले म्हणून औषध बंद केले की सगळे मुसळ केरात.

हे सारे टाळायचे तर नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही. करोनाच्या दिवसांपासून ‘विलगीकरण’ हा शब्द आपल्या अंगवळणी पडला आहेच. तेच इथे करायचे, महिनाभर तरी. त्यासाठी महागडे काही लागत नाही. दीड फुटाची साधी काचेची टाकी, हवेचा पंप, स्पंजाचा फिल्टर, हीटर, झाकण आणि माशाला लपायला प्लॅस्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे, एवढे पुरे. वाळू, शंख, पोवळ्याचे दगड यांतले काहीही आत नको. शोभा येते खरी, पण ते औषधातले तांबे शोषून घेतात. स्पंज मात्र आधी तीन-चार आठवडे मोठ्या टाकीत ठेवावा, म्हणजे माशाची घाण पचवणारे चांगले जंतू त्यात वसतात. तसे केले नाही तर पाण्यात अमोनिया साठतो आणि रोगाआधी तोच माशाला मारतो.

औषधाआधी पाणी मोजायला शिका. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा नि हजाराने भागायचे, की लिटर निघतात. ४५ सें. मी. लांब, ३० सें. मी. रुंद आणि २५ सें. मी. पाणी, म्हणजे जवळजवळ ३४ लिटर. दुकानदार टाकी ‘पन्नास लिटरची’ म्हणून विकतो, त्यावर विसंबून औषध घालू नये.

ठिपक्यांवरचे जुने, खात्रीचे औषध म्हणजे तांबे. शेतकऱ्यांच्या घरी द्राक्षबागेवर फवारायला मोरचूद असतो ना, त्यातलेच ते तांबे. पण शेतीचा मोरचूद आणून टाकीत घालण्याचे धाडस करू नका. साध्या तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. वरच्या ३४ लिटर पाण्याला शुद्ध मोरचूद लागेल तो अवघा २७ मिलिग्रॅम! चिमटीत येतो तो याच्या कितीतरी पट. स्वयंपाकातला ‘अंदाजे’ इथे चालत नाही. शिवाय बाजारात दुसऱ्या प्रकारचे, बांधलेले म्हणजे चिलेटेड तांबेही मिळते. त्याची मात्रा लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे साध्या तांब्याच्या दहापट असते. बाटली एकाची नि हिशेब दुसऱ्याचा झाला तर एका रात्रीत टाकी रिकामी होईल. बाटलीवरचा कागद शब्दन् शब्द वाचा आणि त्याच प्रकारचे तांबे मोजणारा तपासणीचा संच आणा.

ही मात्रा एकदम गाठायची नाही. दोन-तीन दिवसांत थोडे थोडे घालत चढवावी. मग रोज तपासणी. मात्रा खाली गेली की पिले जगतात, वर गेली की मासा मरतो. पूर्ण मात्रा भरली त्या दिवसापासून तीन आठवडे तरी ती टिकवावी, चार झाले तर उत्तम. पाणी बदलाल तेव्हा नव्या पाण्यातही तेवढेच तांबे आधी मिसळून ठेवावे. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मात्र गोडे पाणी घालायचे, कारण मीठ कुठे उडून जात नाही! क्लाऊनफिशला आणि टँगला तांबे बहुधा मानवते. काही लहान जातीच्या एंजलफिशना ते सोसत नाही. कोळंबी, गोगलगायी, पोवळी यांना तर ते विषच, म्हणून मोठ्या टाकीत औषध कधीही घालायचे नाही. (समुद्रघोडे आणि पोवळी आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. कुणी गुपचूप विकत असेल तरी घेऊ नका.)

ठिपके अगदी बारीक, पिठूळ, सोनेरी भुकटी उडाल्यासारखे दिसले आणि मासा उजेड टाळून पंपाच्या धारेत जाऊन राहिला, तर तो मखमली रोग समजावा. यात ‘उद्या बघू’ म्हणायला वेळ नसतो. दोन-तीन दिवसांत सगळे संपते. औषध त्याच दिवशी सुरू करायचे.

चपट्या कृमींचा प्रकार निराळा. डोळे धूसर होतात, मासा मान झटकतो. यावर प्राझिक्वांटेल, लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅम. माणसांना नि जनावरांना जंतांवर देतात तेच हे औषध. पण मुलींच्या डोक्यातल्या उवांचा अनुभव आठवा! उवा मेल्या तरी लिखा राहतातच. तसेच इथे कृमी मरतात, अंडी राहतात. म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी मात्रा द्यावीच लागते. औषध चालू असताना हवा जोरात सोडावी.

जाळी, बादली, नळी या टाकीची वेगळी ठेवा. खरकटा चमचा आपण लोणच्याच्या बरणीत घालत नाही ना? तोच नियम. एका थेंबातूनही रोग पलीकडे जातो.

आणि मोठ्या टाकीत रोग आधीच शिरला असेल तर? सगळे मासे बाहेर काढून औषधाच्या टाकीत ठेवायचे आणि मोठी टाकी माशांवाचून चालू ठेवायची, अडीच महिने. ऐकून घरात कुरकूर होईल. पण कवचातला जीव ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे, तेव्हा घाई करून उपयोग नाही. त्या काळात कोळंबी नि गोगलगायी आत खुशाल राहू द्याव्यात. त्यांच्या अंगावर हा परजीवी जगत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ही औषधे स्वयंपाकघरात किंवा माणसांच्या औषधांच्या डब्यात ठेवू नका. क्लोरोक्विन नावाचे, आपल्याला मलेरियावर ठाऊक असलेले औषध माशांसाठीही वापरतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात एका जोडप्याने करोना होऊ नये म्हणून माशांसाठी घरात असलेले तेच रसायन घेतले. नवरा दगावला, बायको इस्पितळात पडली. तेव्हा बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘माशांचे औषध, विष’ असे मराठीत लिहून ती कुलपात ठेवावी. मापाचा चमचा नि सिरिंजही तिथेच. औषध घालताना रबरी हातमोजे घाला.

औषधाचे पाणी शेवटी मोरीत ओतून वरून भरपूर पाणी सोडा. कुंडीत किंवा तुळशीत घालू नका, त्यातल्या मिठानेच झाड जळेल.