पोचा आलाय, गाडी मेली नाही

जुन्या गाडीला कुठे जरा खरचटलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "विमा आहे ना, मग क्लेम कर की!" आणि दुसरं, "अजून किती दिवस ही ओढणार? नवीन घ्या आता." पहिलं बोलणाऱ्याने पॉलिसी वाचलेली नसते आणि दुसरं बोलणाऱ्याला आपला हप्ता भरायचा नसतो. आमच्या नात्यातली निम्मी मंडळी इथे डोकावतात हे ठाऊक असूनही लिहितेय. होऊन जाऊ दे.

आमची वॅगन आर २००९ची. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर आरटीओत नेऊन, तपासून, पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतलेली. म्हणजे कायद्याच्या लेखी ठणठणीत. गेल्या पावसाळ्यात एक रिक्षा तिचा पुढचा डावा कोपरा चाटून पसार झाली. बंपरला चीर, फेंडरला पोचा. एका चकचकीत सर्व्हिस सेंटरने हिशोब दिला साडेबारा हजारांचा: बंपर नवा ३५००, फेंडर नवा २०००, रंग ५०००, मजुरी २०००. वर "मॅडम, क्लेममध्ये बसवून देतो, तुम्हाला काही पडणार नाही" हे आश्वासन.

काही पडणार नाही? बसा, हिशोब करू. विम्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट पन्नास टक्के घसारा कापतात. गाडी दहा वर्षांवरची असेल तर पत्र्याच्या भागांवरही पन्नास. रंगाच्या एकत्रित बिलात पाव हिस्सा मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये आपण भरायचेच असतात. (झिरो डेप म्हणाल, तर ते एवढ्या जुन्या गाडीला सहसा कोणी देत नाही.) म्हणजे बंपरचे १७५०, फेंडरचे १०००, रंगाचे ६२५ आणि ते हजार मिळून ४३७५ रुपये माझ्या खिशातून. कंपनी देणार ८१२५.

इथे सगळे थांबतात आणि म्हणतात, आठ हजार तर वाचले! खरी गंमत पुढेच आहे. पाच वर्षं क्लेम केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता असतो, त्यावर पन्नास टक्के सूट मिळते, तोच नो क्लेम बोनस. एक क्लेम केला की तो शून्यावर. मग पुन्हा पायरी पायरीने वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि मग कुठे पन्नास. दरवर्षी गमावलेली सूट मोजली तर पन्नास, तीस, पंचवीस, पंधरा आणि पाच, एकूण १२५ टक्के. आमचा या भागाचा मूळ हप्ता ३२०० आहे, म्हणजे चार हजार रुपये गेले, फक्त पाच वर्षांत हळूहळू, म्हणून ते कोणाला दिसत नाहीत. तेव्हा तो "फुकटचा" क्लेम मला पडला असता ८३७५ रुपयांना.

नाक्यावरच्या डेन्टरने तेच काम चार हजारांत केलं.

आता "स्वस्तातलं काम म्हणजे थुकपट्टी" म्हणणाऱ्यांसाठी. फेंडरच्या मागून लोखंडी ठोकळा धरून पुढून हलक्या हाताने हातोडी मारत पत्रा पूर्ववत आणणं ही कला आहे. चांगला माणूस पत्रा जितका सरळ करता येईल तितका करतो आणि पुट्टीचा (जुने पेंटर तिला लांबी म्हणतात) अगदी पातळ हात देतो. वाईट माणूस खड्डा तसाच ठेवून त्यात पुट्टी थापतो, आणि ती वर्ष-दोन वर्षांत तडकते. फरक ओळखायचा तर रंगाआधी एकदा जाऊन बघा, नुसता हात फिरवा. बंपर तर प्लास्टिकचा. पोचा असेल तर गरम पाण्याने किंवा गरम हवेने मऊ करून आतून ढकलला की बरेचदा सुटतो. चीर आतल्या बाजूने तापवून जोडता येते. दुसऱ्या गाडीचा नुसता रंग लागलेला असेल तर रबिंग कंपाउंड आणि अर्धा तास, संपलं. पण सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्ती करणारा हातच उरलेला नाही, तिथे फक्त बदलणारे हात आहेत. तुटकं काढा, नवं लावा, बिल फाडा. याला कौशल्य म्हणायचं आणि हातोडीवाल्याला "लोकल" म्हणून नाक मुरडायचं, हे मला मुळीच पटत नाही.

आणि हे नाक मुरडणं आपोआप आलेलं नाही बरं का. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजवाल्यांच्या हाती लागू देत नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप. पुढे अपिलं झाली, कोर्टकज्जे झाले, ते असो. पण "बाहेर काम केलंत तर बघा हं" हा सूर कुठून येतो ते कळायला एवढं पुरे. आमच्या गाडीचे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात, मुंबईकरांना कुर्ला आहे. नशीब असेल तर भंगारातल्या गाडीचा त्याच रंगाचा दरवाजासुद्धा मिळतो आणि रंगाचा खर्चच वाचतो. बिल मात्र मागून घ्यावं, चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

रंग शंभर टक्के जुळेल ही अपेक्षा सोडा. सोळा वर्षं उन्हात तापलेल्या मेटॅलिक चंदेरी रंगाशी डब्यातला नवा रंग जुळत नाही, कोणाचाच. आमच्या फेंडरची एक छटा उजळ आहे. सोसायटीतल्या एकांनी दोनदा ते दाखवून दिलं. मी दोन्ही वेळा "हो का?" म्हटलं.

कंजुषी कुठे करायची नाही तेही सांगते, नाहीतर आत्या फोन करेल. बंपर हा नुसता मुखवटा असतो. त्याच्या मागे रेडिएटर आहे, एसीचा कंडेन्सर आहे. धडक बसल्यावर खाली पाणी गळतंय का, बॉनेट नीट लागतं का, चाक कुठे घासतंय का, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का, हेडलाइटचा झोत बरोबर जागी पडतो का, हे आधी बघायचं. यातलं काहीही बिघडलं असेल तर तिथे पैसे मोजायचे, पोचा राहिला तरी चालेल. सीट बेल्ट आणि ब्रेकचं सामान जुनं घेऊ नये, अजिबात नाही. आणि रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर पावसाआधी निदान अस्तर मारून घ्या. पोचा वाढत नाही, गंज वाढतो.

माणसाला लागलं असेल तर हे सगळं बाजूला. तिथे रस्त्यावर पाचशेच्या नोटा काढून मिटवामिटवी करायची नाही. आधी दवाखाना, मग पोलीस आणि विमा कंपनी.

आणि ज्यांची गाडी दोन वर्षांची आहे, हप्ते चालू आहेत, झिरो डेप घेतलंय, त्यांनी माझं ऐकून क्लेम सोडू नये. त्यांचा हिशोब वेगळा येईल, मात्र कागदावर मांडून बघा. आमच्या वन्संनी मांडला, त्यांना क्लेमच परवडला.