मैदानावरचा न्याय आणि शाळेचा दरवाजा

अमेरिकेच्या अनेक राज्यांत गेली पंचवीस-तीस वर्षे एक वाद पुन्हा पुन्हा पेट घेतो आहे. हायस्कूल फुटबॉलच्या राज्य अजिंक्यपदासाठी सार्वजनिक शाळा आणि खाजगी शाळा यांनी एकाच गटात झुंजावे काय, हा तो वाद. सार्वजनिक शाळांच्या प्रशिक्षकांची तक्रार अशी, की एकूण शाळांत खाजगी शाळांचे प्रमाण अल्प असूनही विजेत्यांच्या यादीत त्यांचा वाटा त्या प्रमाणाच्या कितीतरी पट भरतो. खाजगी शाळांचे उत्तर ठरलेले आहे: शिस्त, परिश्रम आणि उत्तम प्रशिक्षण यांचे फळ हिरावून घेण्याचा हा मत्सरी खटाटोप आहे. वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर हा वाद रंगतो आणि मोसम संपला की तेथेच विरतो. वस्तुतः तो क्रीडापानावर मावणारा नाही.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ ही पाटी बहुधा भरमसाट शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळेवरच झळकते. ही इंग्रज साहेबाची देणगी. अमेरिकेत सार्वजनिक शाळा म्हणजे करांच्या पैशावर चालणारी, विनाशुल्क, आपल्या हद्दीतील मुलांना सामावून घेण्यास कायद्याने बांधलेली शाळा. आणि तेथील फुटबॉल म्हणजे मोहन बागानचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या चढवून, लंबगोल चेंडू हाती धरून, अंगावर अंग आदळत खेळायचा तो खेळ आहे. मैदानात एका वेळी अकराच खेळाडू असतात. परंतु चढाईसाठी एक संच आणि बचावासाठी दुसरा संच ज्याला उभा करता येतो, तो संघ बलाढ्य ठरतो. ज्या शाळेला जेमतेम पंचवीस मुले मिळतात, तिची तीच ती मुले दोन्ही वेळा झुंजतात आणि उत्तरार्धात थकून जातात. म्हणूनच राज्याराज्यांच्या शालेय क्रीडा संघटना पटसंख्येनुसार शाळांचे गट पाडतात. मोठ्याने मोठ्याशी आणि लहानाने लहानाशी खेळावे, हे त्यामागचे साधे न्यायतत्त्व.

मेख अशी, की पटसंख्येचे हे माप दोन्ही प्रकारच्या शाळांना सारखे लागू पडत नाही. सार्वजनिक शाळेच्या पाचशे मुलांत त्या वस्तीतील सर्व तऱ्हेची मुले असतात: अपंग, आजारी, इंग्रजी नुकतेच शिकू लागलेली स्थलांतरितांची मुले, शाळा सुटताच कामावर धावणारी मुले. खाजगी शाळेची पाचशे मुले निवडलेली असतात. ती सबंध महानगरातून गोळा करता येतात. नको असलेल्या मुलाला दारातूनच परतवण्याचा अधिकार शाळेच्या हाती असतो आणि हव्या असलेल्या मुलाला शुल्कमाफी देण्याची ऐपतही पुष्कळदा असते. कॅलिफोर्नियातील कॉन्कर्ड येथील डी ला साल या कॅथलिक शाळेने १९९२ ते २००३ या मोसमांत ओळीने १५१ सामने जिंकले. त्या मुलांच्या मेहनतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण या पराक्रमात निवडीच्या मुभेचा काहीच वाटा नव्हता असे म्हणायचे, तर त्या बारा वर्षांत त्यांच्याकडून हरलेल्या शाळांतील मुले मेहनतीला कमी पडली, असेही म्हणावे लागेल. ते म्हणण्यास आम्ही तयार नाही.

या अडचणीवर संघटनांनी गणिती तोडगे काढले. इलिनॉय राज्यात २००५ साली ठराविक हद्द नसलेल्या, म्हणजे प्रामुख्याने खाजगी, शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणण्याचा नियम आला. सहाशे मुलांची शाळा गटवारीपुरती नऊशे नव्वदांची धरली जाऊ लागली. इंडियानाने २०१२ पासून यशाचाच हिशेब मांडला. वारंवार जिंकणारी शाळा कोणाचीही असो, तिला वरच्या गटात चढवायचे. ओहायोत सदस्य शाळांनी २०११, २०१२ आणि २०१३ असे तीनदा प्रस्ताव फेटाळले, २०१४ साली चौथा संमत केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. त्यात संघातील खेळाडू कोठून आलेला आहे, हे मोजले जाते. या तिन्हींत ओहायोची पद्धत आम्हांला अधिक सरळ वाटते, कारण तिचे बोट नेमक्या जागी पडते. १.६५ हा आकडा श्रीमंत अकॅडमी आणि गरीब वस्तीतील चर्चची शाळा यांना एकाच तागडीत तोलतो. आणि यशाला दंड करणारी पद्धत कष्टकऱ्यांच्या पोरांनी रक्त आटवून मिळवलेल्या यशालाही सोडत नाही.

परंतु वादाचा गाभा पाहायचा असेल, तर टेनेसी राज्यातील खटला पाहिला पाहिजे. नॅशव्हिलजवळच्या सधन उपनगरात ब्रेंटवुड अकॅडमी ही खाजगी शाळा आहे. १९९७ साली या शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने आठवीतील काही मुलांना पत्रे धाडून वसंत ऋतूतील सरावाला बोलावले. या मुलांच्या प्रवेशाचे करार झाले होते, पण शाळेत ती अद्याप दाखल व्हायची होती. खेळासाठी मुले ओढण्यास राज्य संघटनेच्या नियमांत बंदी होती. संघटनेने शाळेला चार वर्षे देखरेखीखाली ठेवले, तिच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांना दोन वर्षे बाद फेरीत खेळण्यास मनाई केली आणि ३,००० डॉलर दंड ठोठावला. दंडाची रक्कम किरकोळ होती. तरीही शाळा दहा वर्षे न्यायालयात लढली आणि प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिचा युक्तिवाद काय होता? आठवीतल्या पोराला पत्र लिहून बोलावणे हे घटनेने दिलेले भाषणस्वातंत्र्य आहे!

२००१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शाळेच्या बाजूचा एक मुद्दा मान्य केला. संघटना नावाला खाजगी असली, तरी तिच्या सदस्यांत २९० सार्वजनिक आणि ५५ खाजगी शाळा आहेत, सार्वजनिक शाळांचे अधिकारीच ती चालवतात, सबब राज्यसंस्थेप्रमाणे तिलाही घटनेचे बंधन आहे, असा तो निर्णय. २००७ साली मात्र त्याच न्यायालयाने एकमुखाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. कोवळ्या वयाच्या मुलांवर असा दबाव आणल्याने त्यांचे शोषण होऊ शकते, संघांमधील स्पर्धा विकृत होते आणि विद्येपेक्षा खेळालाच अधिक मोल येते, हे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालपत्रात मान्य झाले. शिवाय शाळा स्वखुशीने संघटनेत आली होती. मग संघटनेचे नियम तिला जाचक कसे? स्पर्धेचा लाभ हवा, तिची बंधने नकोत, या वृत्तीला तेथे चपराक बसली. भांडवली न्यायव्यवस्थेकडून असा निकाल क्वचितच येतो. आला तेव्हा त्याची नोंद घेतली पाहिजे.

त्याच १९९७ साली टेनेसीने आर्थिक साहाय्य देणाऱ्या खाजगी शाळांसाठी वेगळा विभाग निर्माण केला. टेक्सासमध्ये ही विभागणी त्याआधीपासूनच आहे. तेथील मुख्य शालेय संघटना सार्वजनिक शाळांची, खाजगी शाळांची संघटना निराळी. २००३ पासून डॅलस आणि ह्यूस्टन येथील दोन जेझुइट शाळांना तेवढा सार्वजनिक शाळांच्या संघटनेत प्रवेश मिळालेला आहे. इतर राज्यांतील अनेक प्रशिक्षकही आज ‘आमचा चषक वेगळा करा’ अशी मागणी करतात. त्यांचा संताप न्याय्य आहे. पण वेगळेपणाला त्या देशात इतिहास आहे आणि तो विसरून चालणार नाही. याच टेक्सासमध्ये १९६७ पर्यंत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा मुख्य संघटनेबाहेर होत्या. त्यांच्या स्पर्धा प्रेअरी व्ह्यू येथून चालणारी स्वतंत्र संघटना भरवीत असे. मिसिसिपीत १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद ताबडतोब मोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा गोऱ्या पालकांनी मुले काढून नव्या ‘अकॅडम्यां’त घातली. त्या खाजगी शाळांची वेगळी संघटना १९६८ सालीच उभी झाली होती. वेगळा चषक त्यांच्या अंगवळणी पडलेलाच होता; त्यांना हवी होती ती सामाईक वर्गातून सुटका. म्हणून वेगळ्या स्पर्धेने हरणाऱ्यांचे दुःख हलके होईल, पण निवडक मुलांच्या शाळेचा दरवाजा आहे तसाच राहील.

खाजगी शाळा म्हणजे सरसकट धनिकांच्या शाळा, असेही नव्हे. शिकागोपासून न्यू जर्सीपर्यंतच्या कित्येक कॅथलिक शाळांमागे आयरिश, पोलिश, इटालियन स्थलांतरित कामगारांच्या वर्गणीचा पैसा आहे.

उलट सार्वजनिक म्हटल्या जाणाऱ्या शाळांत तरी समता कोठे आहे? अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. सॅन अँटोनिओ शहरातील एजवुड या मेक्सिकनवंशीयांच्या गरीब वस्तीतील पालकांनी याविरुद्ध दाद मागितली होती. त्या खटल्यातील १९६७-६८ सालचे आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. एजवुडमध्ये दर १०० डॉलर मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर होता आणि त्यातून दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर जमत. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये कर अवघा ८५ सेंट आणि जमा ३३३ डॉलर! गरिबांनी अधिक दराने कर भरावा आणि त्यांच्या मुलांना बाराव्या हिश्श्याहूनही कमी मिळावे. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही व्यवस्था घटनाबाह्य नसल्याचे ठरवले. पुढे त्याच राज्यात डॅलसजवळच्या ॲलन या सुस्थित उपनगरातील सार्वजनिक शाळेने ६ कोटी डॉलर खर्चून १८,००० प्रेक्षकांचे फुटबॉल मैदान बांधले. ते २०१२ साली खुले झाले आणि काँक्रीटला तडे गेल्याने २०१४ साली बंद ठेवावे लागले. (ठेकेदारांच्या कामाचा हा दर्जा आपल्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही.)

दुसऱ्या टोकाला इलिनॉयमधील ईस्ट सेंट लुई. कारखाने बंद पडून उजाड झालेले, बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे हे शहर. जोनाथन कोझोल यांनी १९९१ सालच्या आपल्या पुस्तकात येथील शाळांमध्ये शिरणाऱ्या सांडपाण्याचे वर्णन केले आहे. त्याच शहराच्या सार्वजनिक हायस्कूलने १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षे राज्याचे फुटबॉल अजिंक्यपद मिळवले. शिकागोत मात्र १९७४ साली राज्य पातळीवरील बाद फेरी सुरू झाल्यापासून महानगरपालिकेच्या हद्दीतील एकाही सार्वजनिक शाळेला अजिंक्यपद मिळाले नव्हते. कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीतील फिलिप्स शाळेने २०१५ साली ते प्रथमच जिंकले. एकेचाळीस वर्षे लागली. असे विजय दाखवून ‘पाहा, गरीबही जिंकू शकतात’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सांडपाण्याबद्दल मात्र ते काही बोलत नाहीत.

आणि शाळा हीच बाजारातली वस्तू झाली, की काय होते, याचेही उदाहरण डोळ्यांसमोर आहे. फ्लोरिडातील आयएमजी अकॅडमी ही क्रीडापटू घडवणारी निवासी शाळा. २०२३ साली एका करमणूक कंपनीने ती गुंतवणूकदारांच्या एका गटाला १२५ कोटी डॉलरांना विकल्याचे जाहीर झाले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी या अकॅडमीच्या संघाने दूरचित्रवाणीवरील सामन्यात बिशप सिकॅमोर नावाच्या ओहायोतील ‘शाळे’चा ५८-० असा धुव्वा उडवला. त्या संघाने दोनच दिवसांपूर्वी आणखी एक सामना खेळलेला होता. मागाहून राज्य शिक्षण विभागाने चौकशी केली, तेव्हा ही शाळा म्हणजे निव्वळ फसवणूक असल्याचा निष्कर्ष निघाला. संघ होता, शाळा नव्हती. मुले मात्र खरी होती, आणि त्यांची वर्षे वाया गेली.

आता या वादाला नवे व गंभीर वळण मिळाले आहे. मे २०२५ मध्ये टेक्सासने खाजगी शाळांच्या शुल्कासाठी १०० कोटी डॉलरांची सरकारी योजना कायद्याने संमत केली. पैसे घेणाऱ्या शाळांनी आपले प्रवेशाचे धोरण बदलावे, अशी सक्ती त्यात नाही. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या संघराज्याच्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्यास १,७०० डॉलरांपर्यंत पूर्ण करसवलत मिळेल, आणि तो पैसा खाजगी शाळांच्या शुल्काकडेही वळू शकेल. म्हणजे प्रशिक्षकाला हवा असलेला मुलगा आणण्याचा खर्च आता जनतेच्या तिजोरीतून भागण्याची वाट मोकळी होत आहे. सार्वजनिक शाळेने आधी आपला खेळाडू गमवायचा, त्याच्याबरोबर आपला निधीही गमवायचा आणि शनिवारी त्याच्याच विरुद्ध मैदानात उतरायचे!

हा डाव आपल्या ओळखीचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून, जवळपास एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या विनाअनुदानित खाजगी शाळांची शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांच्या जबाबदारीतून सुटका केली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. तेथेही प्रश्न दरवाजाचाच होता.

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचे प्रशिक्षक आणि शिक्षक यांनी गुणक किती असावा यावर आणखी दहा वर्षे घासाघीस करण्यापेक्षा सरळ मागणी करावी: जी शाळा जनतेचा पैसा घेईल, तिने सार्वजनिक शाळेप्रमाणेच येईल त्या मुलाला प्रवेश द्यावा, खेळाडूंना दिलेल्या शुल्कमाफीचा हिशेब उघड करावा आणि मुले ओढण्यावरील बंदी पाळावी, हे मान्य नसेल, तर तिला ना तिजोरीचा पैसा, ना सामाईक स्पर्धेतील जागा. संघराज्याच्या करसवलतीच्या योजनेत सामील व्हावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्यांकडे ठेवलेला आहे. शिक्षकांच्या संघटनांना आपले म्हणणे मांडण्यासाठी राज्यांच्या राजधान्यांची दारे ठोठवावी लागतील, आणि तेथे खाजगी शाळांचे प्रतिनिधी त्यांच्याआधीच जाऊन बसलेले असतील.