आधी टोकं कापा

घरची मैफल / कानसेन

गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं. नवे स्पीकर घेतले, अँप्लिफायर घेतला. आता दुकानदार म्हणतो की या सेटला 'साजेशी' केबल हवी, आणि तिची किंमत स्पीकरच्या निम्मी आहे. घेऊ का? पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'घरात अजून सांगितलेलं नाही.' ते वाचून उत्तर टपालाने न पाठवता इथेच द्यायचं ठरवलं. घरात न सांगितलेले आणखी बरेच जण हा स्तंभ वाचत असणार.

केबलबाबत मी स्वतः एकदा तोंडावर आपटलो आहे, ते आधी सांगतो. माझ्याकडे वर्षानुवर्षं एक एमएमची साधी जोडवायर होती, पारदर्शक आवरणाची. आत तांबं छान चमकायचं तेव्हा. चार-पाच पावसाळे गेले आणि टोकाकडून ते हिरवट व्हायला लागलं. आवाजही मलूल वाटू लागला होता, डग्ग्याचा घुमारा पोकळ, तानपुरा मागे कुठेतरी. मग अडीचची वायर आणून बसवली, आणि काय सांगू! डग्गा परत आला. तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येऊ लागली. आठवडाभर येईल-जाईल त्याला बसवून ऐकवत होतो.

नंतर सहज म्हणून जुनी वायर परत लावून पाहिली. फक्त लावण्याआधी हिरवी टोकं दोन-दोन इंच कापून टाकली, आवरण सोललं, ताज्या तांब्याला पीळ दिला आणि अँप्लिफायरचे टर्मिनल स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. डग्गा जागेवर होता. जवारीही. दोन वायरींतला फरक शोधायला बसलो तर सापडेना. मी आठवडाभर ज्याचं कौतुक करत होतो ते नव्या केबलचं नव्हतं, साफ झालेल्या जोडाचं होतं.

तेव्हापासून कोणी 'केबल बदलली आणि पडदा उघडल्यासारखं झालं' म्हणालं, तर मी त्याला खोटं पाडत नाही. पडदा उघडला असेलही. केबल बदलताना माणूस वर्षानुवर्षं हात न लावलेला स्क्रू सोडवतो, गंजलेलं टोक काढतो, नवं लख्ख टोक घट्ट आवळतो. एवढ्यावर सुधारणा होते, आणि बिल मात्र केबलच्या नावावर फाटतं.

आता जाडीचं बोलू, कारण जाडी ही खरी गोष्ट आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाची (दुकानाच्या भाषेत 'एक एमएम') तांब्याची तार मीटरला साधारण 17 मिलिओहम रोध देते. स्पीकर 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तार झाली. अर्ध्या एमएमच्या वायरीत तो रोध 0.34 ओहम होतो, अडीचच्या वायरीत 0.07. अमेरिकेच्या मॅकिन्टॉश कंपनीसाठी स्पीकर घडवणारे रॉजर रसेल एक सोपा नियम सांगत: केबलचा एकूण रोध स्पीकरच्या इम्पीडन्सच्या, म्हणजे त्याच्यावर लिहिलेल्या ओहमच्या, 5 टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 0.4, 4 ओहमच्या स्पीकरला 0.2. अर्ध्या एमएमची वायर पहिल्या परीक्षेत काठावर पास होते, दुसरीत नापास.

स्पीकरवर लिहिलेलं '8 ओहम' म्हणजे घरगुती हिशेबातलं 'साधारण' असतं. तोच स्पीकर एखाद्या सुरापाशी 4-5 ओहमवर येतो आणि खर्जाच्या एका टोकाला 30 ओहमवर चढतो. वायर बारीक असली की जिथे इम्पीडन्स कमी तिथे ती जास्त खाते, जिथे जास्त तिथे कमी. त्यामुळे आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा रंग थोडा पालटतो. वरच्या उदाहरणात हा पालट अर्ध्या डेसिबलच्या थोडा वर जातो. तयार कानाला तो कळू शकतो. अडीचच्या वायरीत तो 0.15 डेसिबलच्याही आत राहतो आणि तिथे माझ्या लेखी विषय संपतो. दिवाणखान्यातल्या अंतरासाठी त्यापुढची जाडी ही मनाची समजूत.

'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने 1983 मध्ये डोळे झाकून ऐकण्याची परीक्षा घेतली होती. एका बाजूला मॉन्स्टर कंपनीची केबल, दुसऱ्या बाजूला दिव्याला लावतात तसली साधी वायर, एक बऱ्यापैकी जाड आणि एक अगदी बारीक. बारीक वायर ओळखता आली, तीही मुख्यतः खरखरीच्या चाचणी-आवाजावर. जाड साध्या वायरीत आणि मॉन्स्टरमध्ये संगीत ऐकून फरक सांगता आला नाही. हा मॉन्स्टरवाला नोएल ली एके काळी लेझर प्रयोगशाळेत इंजिनियर होता. 1979 मध्ये त्याने कंपनी काढली आणि जी वायर तोवर दुकानदार स्पीकरबरोबर फुकट द्यायचे तिला डब्यात घालून किंमत लावली. त्या माणसाला मी मनातून दाद देतो. फुकटची वस्तू विकायला वेगळंच कसब लागतं.

पुढे 2007 मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने 'पेअर' कंपनीच्या 7,250 डॉलरच्या स्पीकर केबलवरून आव्हान दिलं: ही केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक न बघता ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. एक नामवंत समीक्षक तयार झाला, पण केबल कंपनीनेच अंग काढून घेतलं.

आमच्या एका मित्राने अशीच भारी केबल घेतली आहे. त्याच्याकडे आम्ही घरगुती परीक्षा केली. स्पीकरवर चादर टाकली, त्याच्या मुलीने नाणं उडवून छापा-काट्यावर केबल बदलायची आणि बाबांनी ओळखायचं. दहापैकी सहा बरोबर. 'बाबा, नाण्यालाच विचारलं असतं तर पाच आले असते,' ती म्हणाली. केबल अजून तिथेच आहे आणि तो सुखी आहे. दिसते फार सुंदर, हे मी मान्य करतो.

दुकानात आणखी काय काय कानावर येतं, त्याचा झटपट निकाल लावतो. केबलवर बाण छापलेला असतो, 'या दिशेनेच लावा'. स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होतो, त्याला बाण वाचायला सवड नसते. केबल दोनशे तास वाजवून 'मुरवावी' लागते, हे दुसरं. लोणचं मुरतं, तांबं नाही. मुरतो तो आपला कान. चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी. तेवढा फरक तांब्याची तार जरा जाड घेतली की भरून निघतो. आणि काही महागड्या, चपट्या पट्टीच्या केबल्सची कपॅसिटन्स इतकी जास्त असते की नाजूक अँप्लिफायर त्यांच्यामुळे अस्थिर होऊन तापतो. पैसे देऊन दुखणं विकत घेण्याचा प्रकार.

मग घ्यायची काय? मी पुण्यात तपकीर गल्लीत गेलो होतो. हायफायच्या दुकानात नाही, वायरिंगच्या.

'अडीचची द्या. लाल-काळी, दहा-दहा मीटर सुट्टी.'

'काका, गिझरला का एसीला?'

'स्पीकरला.'

'स्पीकरला अडीच? डीजे आहे का घरात?'

हसला, पण माल चोख दिला. घ्यायच्या आधी ब्लेडने एक तार खरवडून बघितली, तुम्हीही बघा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. हातात हलकी लागते, स्वस्त मिळते, आणि तेवढ्याच जाडीत रोध जवळजवळ दीडपट. घरी आल्यावर दोन्ही वायरींची टोकं दाराच्या कडीला अडकवायची, दुसरी टोकं ड्रिल मशीनच्या तोंडात धरायची आणि हळू फिरवायचं. सुबक पीळ बसतो, दोन्ही तारा एकमेकींना लगटून राहतात. लगटून राहणं महत्त्वाचं. एक वायर सोफ्यामागून आणि दुसरी दारावरून नेली की इंडक्टन्स वाढतो आणि झांजेचा तेजपणा जातो.

माझ्या अँप्लिफायरच्या मागे जुन्या पद्धतीचे स्प्रिंगचे खटके आहेत. त्यांत अडीचची वायर शिरत नाही. तारा छाटून कोंबू नका. टोकाला पिनची थिंबल क्रिम्प करून घ्या, इलेक्ट्रिशियन दोन मिनिटांत करून देतो. एखादी सुटी तार शेजारच्या खटक्याला टेकली तर अँप्लिफायरच जाऊ शकतो. स्क्रूच्या टर्मिनलखाली येणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नये. दाबाखाली ते हळूहळू बसतं आणि जोड सैल होतो.

आणि लाल-काळं! पहिल्या दिवशी उत्साहात मी उजव्या स्पीकरला उलटं लावलं. डग्गा गायब, गाणाऱ्या बाई खोलीभर पसरलेल्या. मला वाटलं, वा, काय मोकळा आवाज! शंका आली तर एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे. तरी खात्री नसेल तर अँप्लिफायरकडचं टोक सोडवा आणि भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्या टोकाला टेकवा. धन टोक लालला असेल तर वूफरचा कागद बाहेर उसळतो.

तर पत्रलेखक महाशय, ती केबल घेऊ नका. हाती पैसे उरले तर मागच्या भिंतीला जाड पडदा आणि पायाखाली सतरंजी घ्या, त्याचा परिणाम कान झाकूनही कळेल असा असतो. पण तेही नंतर. येत्या रविवारी सेट बंद करून आहे त्याच वायरीची टोकं दोन इंच कापा, ताजी सोला, घट्ट आवळा आणि पंधरा दिवस ऐका. मग मला लिहा. तोवर दुकानदाराला 'विचार करून सांगतो' म्हणा.