गाडी तुमची, मान कोणाची?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. गोडगोड लिहिण्याचा मूड नाही. ज्यांना सकाळच्या चहाबरोबर निवांत काही वाचायचं असेल त्यांनी माझं जुनं काहीतरी उघडावं, मी रागावणार नाही.

भांडणाचं कारण आहे जुनी मोटार. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या. वर्तमानपत्रांत निरोपाचे लेख आले, लोकांनी फोटो काढले. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात या जुन्या फियाटवरचं प्रेम नुसतं उतू चाललंय. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसी इंजिनाची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली ती गाडी मलाही आवडते बरं का! आमच्या दादाकडे होती, तिच्यात सात माणसं आणि एक पाण्याचा पिंप घालून आम्ही महाबळेश्वर केलेलं आहे. तेव्हा प्रेमाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हे प्रेम घरच्या गॅरेजात कोणाच्या जिवावर चालतं, याला.

झालं असं की माझ्या भाच्याने दादाची तीच गाडी पुन्हा उभी करायची ठरवली आहे. दिवाळीच्या सुट्टीत इंजिन, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट सगळं घरीच उतरवायचं. उत्तम. मी विचारलं, "गाडी उचलून ठेवणार कशावर?" तर म्हणाला, "आत्या, जॅक आहे ना. आणि खाली विटा लावू." म्हटलं, "आणि खाली जाणार कोण?" तर म्हणाला, "गॅरेजवाल्याकडचा एक पोरगा येतो. सोळा-सतराचा असेल. अंगाने बारीक आहे, आरामात मावतो."

मावतो! शब्द ऐकलात? माणूस खाली मावतो की नाही एवढंच पाहिलं. वरची गाडी खाली आली तर तो मावेल का, हे कोण पाहणार? भाचा हे वाचणार आहे, त्याची आईही वाचणार आहे. त्याच्या तोंडावर बोलले तेच इथे लिहिते आहे, मागून काही नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. गाडीखाली जाणारा माणूस सुखरूप बाहेर येईल एवढी तयारी करण्याची ज्याची ऐपत नाही किंवा ज्याला तेवढा धीर नाही, त्याने घरी इंजिन उतरवायला घेऊच नये. गाडी तशीच झाकून ठेवावी किंवा विकून टाकावी.

आता तुम्ही म्हणाल, मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या, जन्मभर शाळेत 'क्रियापद ओळखा' शिकवणाऱ्या बाईंना गाडीतलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. पण आमचे हे तीस वर्षं एसटीच्या कार्यशाळेत होते. आमच्या घरी जेवणाच्या ताटावर क्लच आणि डिफरन्शियल यांच्याच गप्पा असायच्या. आता ते नाहीत, पण त्यांची शिस्त माझ्या डोक्यात पाठांतरासारखी बसलेली आहे. तेव्हा भाच्याचे मुद्दे एकेक घेते.

पहिला मुद्दा, "जॅक आहे ना". अरे बाबा, जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. डिकीत मिळतो तो जॅक पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता. तेलाच्या दाबावर चालणारा घेतलास तरी तो आतल्या रबरी सीलवर उभा असतो. ते सील गेलं की जॅक बसतो, आणि बसताना कोणाला हाक मारत नाही. वीट म्हणजे भाजलेली माती. एका टोकावर भार आला की तडकते, तीही न सांगता. सिमेंटचे पोकळ ठोकळे त्याच जातीचे. गाडी उचलायची जॅकने आणि ठेवायची लोखंडी स्टँडवर. स्टँड चासीच्या मजबूत भागाखाली किंवा मागच्या ॲक्सलखाली, पातळ पत्र्याखाली नाही. स्टँडवर जो आकडा लिहिलेला असतो तो बऱ्याचदा जोडीचा असतो, एकाचा नाही, हे घेतानाच वाचायचं. खाली जमीन सपाट आणि कठीण हवी, अंगणातले पेव्हर ब्लॉक चालत नाहीत. मग गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची. हलली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. काढलेलं चाक भिंतीला न टेकवता गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे काही झालंच तर माणसाला वीतभर जागा उरते. आमचे हे म्हणायचे, गाडी पडायची असेल तर माझ्या हलवण्याने पडू दे, माझ्यावर नको.

दुसरा मुद्दा, "गाडी गिअरमध्ये आहे, हलणार नाही". हा तर फारच फसवा आहे. गिअरमध्ये टाकलेली गाडी जागेवर राहते, कारण चाकं शाफ्टमधून इंजिनाला जोडलेली असतात. आणि तू सोडवतो आहेस तो शाफ्टच! तो सुटला की गिअर असून नसल्यासारखा. जुन्या जीपमध्ये आणि जुन्या लँड रोव्हरमध्ये तर हातब्रेकही शाफ्टवरच लागतो, म्हणजे तोही गेला. म्हणून जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय एक बोल्टही ढिला करायचा नाही. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. इंजिन बाहेर निघालं की गाडीचं नाक हलकं होतं आणि तोल मागे सरकतो. सकाळी पक्की बसलेली गाडी दुपारी तशीच बसलेली असेल असं नाही. पुन्हा हलवून पाहायची.

तिसरा मुद्दा, "झोपाळ्याच्या कडीला चेन पुली लावू". मला हसू आवरेना. झोपाळ्याचा भार चार कड्यांत वाटलेला असतो, आणि त्यावर बसतात आजी आणि नातवंडं. हा पठ्ठ्या एकाच कडीला ओतीव लोखंडाचं इंजिन टांगणार. शिवाय साखळीचं एक गणित आहे, ते आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी मला फळ्यावर काढून दाखवलं होतं. इंजिनाला बांधलेले साखळीचे दोन पदर जितके फाकतील तितका प्रत्येक पदरावरचा ताण वाढतो. दोन पदरांमधला कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येकावर इंजिनाच्या अख्ख्या वजनाएवढा ताण येतो. दोघांनी मिळून निम्मंनिम्मं उचललं, हा आपला भ्रम. इंजिन उचलायची चाकांवरची क्रेन भाड्याने आणावी. तिचाही दांडा जितका लांब काढाल तितकी तिची ताकद कमी होते, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. टांगलेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, पायही ठेवायचा नाही. वर आलं, गाडीबाहेर निघालं, की लगेच जमिनीलगत आणायचं. "जेवून येतो" म्हणून ते लटकत ठेवायचं नाही.

चौथा मुद्दा गिअरबॉक्सचा, आणि इथेच तो बारीक पोरगा येतो. शेवटचा बोल्ट निघेपर्यंत गिअरबॉक्स जागचा हलत नाही, आणि निघाला की थेट छातीवर येतो. बऱ्याच ठिकाणी पद्धतच अशी की पोराने खाली उताणं पडायचं आणि तो अंगावर झेलायचा. का? त्याच्याखाली एक ट्रॉली जॅक आणि वर लाकडी फळी ठेवली तर कोणाची मर्दुमकी कमी होते? त्यात गाडीचंही भलं आहे. गिअरबॉक्सचं वजन क्लचच्या शाफ्टवर लोंबकळलं की क्लच प्लेट वाकते. म्हणजे पोराची दया येत नसेल तर निदान प्लेटची येऊ द्या.

त्याच जागी क्लचची धूळ असते. जुन्या क्लच प्लेटच्या आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ तोंडाने फुंकून किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून उडवतात. छातीत गेलेलं ॲस्बेस्टॉस वीस-तीस वर्षांनी रोग देतं. तोवर गाडी प्रदर्शनात बक्षीस घेऊन आलेली असेल आणि फुंकणारा कोण होता हे कोणाच्या लक्षातही नसेल. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधायचं, संपलं.

बाकी बॅटरी आणि पेट्रोल. हे बिनपैशाचं काम आहे, तरी लोक टाळतात. पद्मिनीसारख्या गाडीत बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढायची. पॉझिटिव्हला लावलेला पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी सुटलेली असेल तर नाही उडत. मग बॅटरी बाहेरच काढून ठेवायची. पेट्रोल उघड्यावर, झाकणाच्या धातूच्या डब्यात काढायचं आणि डबा गॅरेजपासून लांब ठेवायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि आपला पोरगा नेमका तिथेच पडलेला असतो, शेजारी काचेचा पिवळा बल्ब लोंबकळत! बल्ब फुटला तर काय होईल ते मी लिहीत नाही. बॅटरीवरचा एलईडी दिवा घ्या.

आता मूळ दुखण्याकडे येते. भाच्याचं शेवटचं वाक्य होतं, "आत्या, पन्नास वर्षं गॅरेजवाले असंच करतात, काही होत नाही."

काही होत नाही हे कोण सांगतं? ज्याला काही झालं नाही तो सांगतो. ज्याला झालं तो गॅरेजात उरत नाही. माझ्या वर्गात १९८३-८४ साली एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, तो आता आजोबा आहे. अक्षर असं सुरेख, की दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार मी त्याच्याकडूनच लिहून घ्यायची. घरची परिस्थिती बेताची, नववीत शाळा सुटली, एका गॅरेजात लागला. पुढच्या पावसाळ्यात गिअरबॉक्स झेलताना उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने मलमपट्टीचे पैसे दिले आणि दुसरा पोरगा ठेवला. त्या गॅरेजात विचारलं असतं तर तिथेही हेच ऐकायला मिळालं असतं, आमच्याकडे पन्नास वर्षांत काही झालं नाही. अनुभवाची वही हाच माणूस लिहितो, आणि गैरहजर पोरांची नावं तिच्यात नसतात. मी हजेरीपट सांभाळलेली बाई आहे, गैरहजर नावं मला आधी दिसतात.

तेव्हा १९८६ चा बालकामगार कायदाही आला नव्हता. आता आहे, आणि २०१६ साली त्यात दुरुस्ती होऊन चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावायला बंदी आली. पण मी कायद्याचं भय दाखवत नाही. कायदा बंगल्याच्या गॅरेजात डोकावत नाही हे मलाही ठाऊक आहे. माझा प्रश्न साधा आहे. तुमचा स्वतःचा मुलगा सोळाचा आहे, अंगानेही बारीकच आहे. त्याला का नाही पाठवत खाली? इथे उत्तर अडतं. आणि जिथे आपल्या पोराला पाठवायला जीव धजत नाही तिथे दुसऱ्याचं पोर दोन-तीनशे रुपयांत पाठवायचं, याला छंद म्हणू नका. दुसरा शब्द मला येतो, पण नातेवाईक वाचतात म्हणून लिहीत नाही.

"मुलगा शिकतोय, त्याला हाताला काम मिळतं", असंही एक समर्थन असतं. शिकू दे की! पण शिकवणं म्हणजे काय हे मला सांगू नका. अठरा पूर्ण होईपर्यंत त्याला गाडीबाहेर ठेवून शिकवा. प्रत्येक नट कुठला हे चिठ्ठी लावून डबीत ठेवायला शिकवा, वायरींचे फोटो काढायला शिकवा, स्टँड कुठे लावायचा आणि का, हे शिकवा. "खाली जा आणि धर" हा धडा नाही, हुकूम आहे.

आणि खर्चाचं रडगाणं तर मला ऐकवूच नका. मूळ बनावटीची एक हबकॅप मिळावी म्हणून ही मंडळी चार गावं पालथी घालतात, कुरियरला दुप्पट पैसे मोजतात. चार स्टँड आणि दोन दिवसांची क्रेन म्हटलं की मात्र लगेच मध्यमवर्गीय होतात!

तेव्हा ठरवा. तयारी पुरी असेल आणि खाली जाणारा माणूस जाणता, सज्ञान, स्वखुशीने जाणारा असेल, तर इंजिन खुशाल उतरवा, मी स्वतः चहा-पोहे घेऊन येईन. तयारी नसेल तर गाडी अंगणात झाकून ठेवा. पद्मिनीने इतकी वर्षं वाट पाहिली आहे, आणखी दोन महिने पाहील. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी जरूर वाद घालावा, पण "काही होत नाही" सोडून दुसरा मुद्दा घेऊन यावं.

तूर्तास एवढंच.