तीन वर्षांचा डॉक्टर : रायपूरचे उत्तर आणि उशीर

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड अस्तित्वात आले, तेव्हा बस्तर-सरगुजाकडील अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत इमारत होती, डॉक्टर नव्हता. रायपूरच्या नव्या सरकारने २००१ मध्ये कायदा करून आधुनिक वैद्यकाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. संघटित वैद्यक व्यवसायाचा विरोध, पदवीच्या नावावरून वाद, विद्यार्थ्यांची आंदोलने आणि न्यायालयीन खटले यांत तो सापडला आणि काही वर्षांतच नवे प्रवेश थांबले. शिकून बाहेर पडलेल्यांना मात्र सरकारने ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ म्हणून दुर्गम केंद्रांवर नेमले.

खरा प्रश्न कोणी विचारला, तो त्यानंतर. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया, राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्र आणि रायपूरचे राज्य आरोग्य संसाधन केंद्र यांनी २०१० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी, आयुष डॉक्टर, ग्रामीण वैद्यकीय सहायक आणि डॉक्टर नसलेल्या केंद्रांत रुग्ण तपासणारे परिचारिका-औषधनिर्माते, अशा चार गटांपुढे हिवताप, अतिसार, न्यूमोनिया, क्षयरोग अशा नेहमीच्या आजारांच्या रुग्णांची तीच वर्णने ठेवण्यात आली. काय विचाराल, काय तपासाल, कोणते औषध द्याल? तीन वर्षे शिकलेले सहायक एमबीबीएस अधिकाऱ्यांच्या तोडीस तोड ठरले; उरलेले दोन्ही गट मागे राहिले. औषधयोजनेत मात्र चारही गट कच्चे निघाले. या दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा जवळजवळ झालीच नाही, हे खेदजनकच.

अशा चाचणीतून ज्ञान मोजले जाते, प्रत्यक्ष वागणूक नव्हे. शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीच्या बाळंतपणाबद्दलही ती काही सांगत नाही. तरीही ‘अर्धवट डॉक्टर’ या आरोपाला प्रथमच मोजमापाने उत्तर मिळाले होते. ते मिळाले तेव्हा अभ्यासक्रमाला टाळे लागलेले होते.

राजनांदगावच्या सीमेपलीकडे, गडचिरोलीत, क्रम उलटा होता. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी आढळला. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, ‘आशां’मार्फत देशभर योजना आली २०११ मध्ये. बारा वर्षे गेली, पण पुरावा आधी आणि निर्णय नंतर होता. शिवाय ती स्त्री कोणाच्या पदवीला धक्का लावत नव्हती. रायपूरच्या सहायकाचे तसे नव्हते, आणि त्याच्या बाजूचा पुरावा दुर्लक्षित राहण्यामागे हेच मुख्य कारण दिसते.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम ३२ ने मर्यादित परवान्याच्या ‘सामुदायिक आरोग्य प्रदात्या’ची तरतूद केली, तेव्हा देशभर डॉक्टर संपावर गेले. त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी छत्तीसगडच्या आकड्यांऐवजी ‘भोंदू’ आणि ‘गरिबांचा डॉक्टर’ हेच शब्द अधिक वापरले. दरम्यान २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जात आहेत. त्यांतील बहुतेक परिचारिका, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर आलेल्या. त्यांच्यापुढेही त्याच आजारांची वर्णने ठेवता येतील, आणि या वेळी औषधाच्या चिठ्ठ्याही तपासता येतील; पद्धत रायपूरमध्ये तयार आहे.