उतारवयांतील नवा उद्योग

बुरोंडी, लाडघर, कर्दे, कोळथरे हीं दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील गांवें आणि त्यांच्या पाठीमागच्या वाड्या घेतल्या, तर असें घर विरळाच सांपडेल कीं ज्यांतील एखादा पुरुष चाकरीसाठीं मुंबईस गेलेला नाहीं. पूर्वी हे लोक हर्णै किंवा दाभोळ बंदरांत बोटींत बसत. आतां मोटारीनें जातात. जाण्याची वाट बदलली, परंतु परत येण्याची रीत फारशी बदललेली नाहीं. अठ्ठावन्न किंवा साठ वर्षें पुरीं झालीं, फंडाचे पैसे हातीं आले, कीं चाकरमानी गांवाकडे वळतो. घराचीं कौलें चाळून होतात, चार दिवस पाहुणचार होतो, आणि मग पुढें काय करावयाचें हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. हा प्रश्न केवळ त्याचा नव्हे. त्याच्या उत्तरावर गांवच्या जमिनीचें, भावाभावांतील सलोख्याचें आणि आयुष्यभर सांठविलेल्या पैशाचें बरेंवाईट अवलंबून असतें. म्हणून शेतकऱ्यांच्या या मासिकांत त्याचा विचार करणें आम्हांस उचित वाटतें.

या बाबतींत दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें असें कीं, साठी बुद्धी नाठी. आयुष्यभर कष्ट केले, आतां ओटीवर बसून विश्रांति घ्यावी. दुसरें मत याच्या अगदीं उलट. फंडाचे पैसे हातांत येतांच मनुष्य जणूं पंचविशींत परततो. कातळ फोडून खड्डे घेतो, विहीर खणतो, एकाच पावसाळ्यांत शेंकडों कलमें लावून मोकळा होतो, आणि दुसऱ्या उन्हाळ्यांत पाणी घालावयास माणूस नाहीं व माणसाला द्यावयास पैसा नाहीं अशा अवस्थेंत सांपडतो. आमच्या मतें हीं दोन्ही मतें घातक आहेत. रिकामपणानें देह लवकर झिजतो हें सर्वांस ठाऊक आहे. पण उतावळेपणानें जन्माची पुंजी एका वर्षांत झिजते याचा विचार थोडे करतात. उतारवयांत उद्योग अवश्य करावा, तो नवाही असावा. मात्र त्याचीं मुळें जुन्या कामांत असावीं, आणि साधेल तर त्याची पेरणी पहिली चाकरी सुटण्यापूर्वींच झालेली असावी, असें आमचें म्हणणें आहे.

याला दाखला शोधावयास दूर जावें लागत नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण बुरोंडीच्या उत्तरेस याच किनाऱ्यावर असलेल्या मुरूड गांवीं गेलें. १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविलें. त्यानंतर १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें, त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावन्न वर्षांचें होतें. म्हणजे आज ज्या वयांत महाराष्ट्र सरकार आपल्या बहुतेक नोकरांस निरोपाचा नारळ देतें, त्याच वयांत. एवढ्यानेंही न थांबतां १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं मंडळ काढलें. लोक या गोष्टी सांगतात त्या अण्णांच्या उत्साहाचें कौतुक म्हणून. आम्हांस त्यांतील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. विद्यापीठाच्या वीस वर्षें आधीं, १८९६ सालीं, त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाचें काम आरंभिलें होतें. प्राध्यापकी चालू असतांनाच दुसऱ्या कामाची रोपटी लावलेली होती. चाकरी सुटली तेव्हां तिला पाणी घालावयास पुरा वेळ मिळाला, इतकेंच. आणि मुलांस शिकविण्यांत जी हातोटी कमावली तीच नव्या कामांत उपयोगी पडली. यास आम्ही मुळें जुन्या कामांत असणें म्हणतों.

अशी पूर्वतयारी करण्याची सवड सर्वांनाच मिळते असें मात्र नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांतील संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. त्यांतील पुष्कळांना आपली गिरणी पुन्हां दिसली नाहीं. कोंकणांतले कितीतरी गडी चाळिशी-पन्नाशींत, फंड वेळेवर हातीं नाहीं आणि मुलें शाळेंत, अशा स्थितींत गांवीं परतले. हे लोक आळशी नव्हते. त्यांना नवें काम शोधावयास वेळच मिळाला नाहीं. गिरणी म्हणजे जन्माची भाकर असें जें एका पिढीस वाटत होतें तें खोटें ठरलें, आणि आजची कोणतीही कंपनी तिच्याहून अधिक भरंवशाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून ज्यांचीं मुलें किंवा भाऊ आज मुंबई-पुण्यास आहेत त्यांनीं त्यांस पंचेचाळिशीपासूनच परतीचा विचार करावयास लावावें.

आतां झाडाच्या आणि माणसाच्या वयाचा हिशेब मांडूं. हापूसचें कलम लावल्यापासून विक्रीजोगें फळ यावयास पांचसहा वर्षें लागतात आणि बाग भरांत यावयास दहा वर्षांहून अधिक. दहा मीटर अंतरानें लावल्यास हेक्टरीं शंभर कलमें बसतात. त्या सर्वांचें खत, पाणी, राखण आणि उन्हाळ्यांतील वणव्याची धास्ती हीं पहिल्या दिवसापासून मागें लागतात, उत्पन्न मात्र लागत नाहीं. त्यांतही हापूस एक वर्ष भरभरून देतो व दुसऱ्या वर्षीं हात आंखडता घेतो. काजूच्या ‘वेंगुर्ला ४’ किंवा ‘वेंगुर्ला ७’ या जातींचीं कलमें तिसऱ्याचौथ्या वर्षीं फळ धरूं लागतात. नारळी-पोफळीवर चढविलेला मिरीचा वेलही तितक्याच काळानें. तात्पर्य, साठाव्या वर्षीं लावलेली आंब्याची बाग भरांत येईल तेव्हां लावणारा सत्तरी ओलांडून गेलेला असेल. यावरून म्हाताऱ्यानें झाड लावूं नये असें कोणी समजूं नये. झाड नातवासाठीं लावावें. स्वतःच्या पोटासाठीं मात्र वर्षाच्या आंत मोल देणारें काम धरावें. फंडाचा तिसरा हिस्सा जमिनींत घालावा, उरलेल्यास पहिलीं पांच वर्षें हात लावूं नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

वर्षाच्या आंत मोल देणारीं कामें कोंकणांत नाहींत काय? आहेत, आणि तीं करणाऱ्यांची वाण आहे. १९९० पासून रोजगार हमी योजनेशीं जोडून फळझाडांच्या लागवडीचा कार्यक्रम महाराष्ट्रांत चालू झाला व आपल्या जिल्ह्यांतील वरकस डोंगर आंबा-काजूखालीं आले. बागा वाढल्या, परंतु बागेभोंवतालचे कसब करणारे हात त्या मानानें वाढले नाहींत. कलम बांधण्याचेंच उदाहरण घ्या. पावसाळ्याच्या आरंभीं कोयी रुजवावयाच्या, रोप पंधरवड्याचें होतें न होतें तोंच, कोंवळें असतां, त्यावर चांगल्या फळणाऱ्या झाडाची काडी बसवून बांधावयाची. आपल्याकडील आषाढ-श्रावणाची दमट हवा यास फार मानवते. या कामास अंगांत बळ नको, नजर आणि बोटें स्थिर हवींत. गिरणींत तुटलेला धागा हां हां म्हणतां जोडणाऱ्या बोटांना तें अवघड कां जावें? नीट निगा राखल्यास दुसऱ्या पावसाळ्यांत कलम विक्रीस निघतें. मात्र रोपवाटिका काढावयाची तर कृषि खात्याचा परवाना घ्यावा, आणि काडी कोणत्या झाडाची हें लिहून ठेवावें. खोटें कलम विकणारा एका गिऱ्हाइकाचीं दहा वर्षें बुडवितो, हें विसरूं नये.

ज्यानें यंत्रावर दिवस काढले त्यानें फवारणीचे पंप, पाण्याचे पंप व गवत कापण्याचीं यंत्रें दुरुस्त करावीं. ऐन मोहोरांत पंप बंद पडला तर बागाईतदार हवें तें मोल देतो. ज्यानें कचेरींत लेखणी चालविली त्याला तर आज अधिकच काम आहे. २०१८ सालीं रत्नागिरीसह कोंकणच्या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें. त्या नांवानें माल विकावयाचा तर नोंदणी, कागदपत्रें, पेटीवरची खूण आणि गिऱ्हाइकाशीं पत्रव्यवहार हीं सर्व आलीं. दहा बागाईतदार एकत्र येऊन अशा एका माणसास हिशेबाला ठेवतील, तर दलालाच्या पट्टीवर डोळे मिटून सही करण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाहीं. बुरोंडीच्या बंदरावर जाऊन पाहावें. वाऱ्यापावसांत होडी काढण्याचें वय सरलें म्हणून जुना तांडेल समुद्राशीं नातें तोडीत नाहीं; तो किनाऱ्यावर बसून जाळीं शिवतो आणि पोरांना वारा ओळखावयास शिकवितो. कसब तेंच, बसण्याची जागा बदलली.

नवें काम धरावयाचें म्हणजे पुन्हां विद्यार्थी व्हावयाचें, आणि येथेंच पुष्कळांचा पाय अडखळतो. मुंबईस चाळीस वर्षें काढलेल्या माणसास गांवांत कोणाला कांहीं विचारणें कमीपणाचें वाटतें. वास्तविक पहिला गुरु त्याच्या घरांतच असतो. तो मुंबईस असतां भाताची लावणी, नाचणीचा माळा, गुरांचा गोठा, आमसुलें व काजूची बी हें सर्व ज्या घरधनिणीनें सांभाळलें, तिला कोणत्या वाफ्यांत पाणी टिकतें आणि कोणत्या बांधाला खेंकडे पोखरतात हें पक्कें माहीत असतें. तिचा सल्ला न घेतां जो मुंबईच्या ओळखीनें ऐकलेल्या पिकावर पैसा घालतो तो फसतो. दुसरा गुरु दापोलीस आहे. १९७२ सालीं तेथें कृषि विद्यापीठ झालें. तेच आज डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठ. ‘रत्ना’ आणि ‘सिंधु’ हे आंबे त्याच्याच खटपटीचे फळ. बुरोंडीकरांस हें विद्यापीठ इतकें जवळ असूनही, कलम विकत घेण्यापलीकडे त्याची पायरी न चढणारेच अधिक, असें आम्हांस दिसतें. साठ वर्षांच्या माणसानें विशींतल्या पोराशेजारीं बसून कलम बांधावयास शिकण्यांत लाज नाहीं.

सर्वांत नाजूक गोष्ट आम्हीं शेवटीं ठेविली आहे, कारण ती आमच्या वाचकांच्याच घरची आहे. आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यावर भाऊ, चुलते, आत्या, बहिणी अशीं डझनभर नांवें असतात. गांवीं राहिलेल्या भावानें वीस वर्षें खपून कलमें जगविलीं. मुंबईकर भाऊ परत आला आणि म्हणाला, माझा अर्धा हिस्सा द्या. दोघेही खोटे नाहींत. जमिनीवर हक्क दोघांचा आहे. झाडांवरचे कष्ट मात्र एकाचे आहेत. या गुंत्यांत वर्षेंच्या वर्षें कोर्टांत जातात, आणि सहहिस्सेदारांची संमति नाहीं म्हणून ना कर्ज मिळत ना अनुदान. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या ८५ व्या कलमान्वयें सहहिस्सेदारांना तहसीलदारांकडून वाटप करून घेतां येतें. हें वाटप भाऊ चाकरीवर असतांनाच, आई-वडील हयात असतांनाच, गोडीगुलाबीनें करून घ्यावें. राखणाऱ्याच्या श्रमाचें मोल धरून लावलेली बाग शक्यतों त्याच्याकडे ठेवावी, येणाऱ्यास मोकळी जमीन थोडी अधिक द्यावी. बहिणींचा हिस्सा कायद्यानें आहे, तो गृहीत धरून हक्कसोडपत्राची जबरदस्ती करूं नये. परतणाऱ्यास ‘आला मुंबईकर’ म्हणून हिणवूं नये, आणि त्यानेंही राखणाऱ्यास आपला गडी समजूं नये.

३ जून २०२० रोजींच्या निसर्ग वादळानें दापोली व मंडणगड तालुक्यांत आंबा, नारळ, पोफळी उन्मळून पाडल्या, तेव्हां साठी-सत्तरीच्या बागाईतदारांपुढें पुन्हां लावावें कीं नाहीं असा प्रश्न पडला होता. त्यांतील अनेकांनीं पुन्हां लाविलें, आणि तें आम्हांस योग्यच वाटतें. परंतु एकट्यानें, सर्व पैसा एका पिकांत, असें आतां कोणीही करूं नये. ज्यांच्या घरीं या वर्षीं कोणी चाकरी संपवून येणार असेल त्यांनीं त्याच्या पहिल्या सुटींतच तीन गोष्टी करून घ्याव्या : सात-बारा उघडून सर्वांच्या समक्ष वाटपाचें बोलणें काढावें, त्याला कोणतें कसब येतें तें विचारून गांवांत त्याची कोणास गरज आहे तें पाहावें, आणि त्याला एकदां दापोलीस घेऊन जावें. कलमें लावावयास पुढचा पावसाळा आहेच.