साक्ष कोणाची?

चर्चच्या मंडळीतले पंधरा-वीस जण सुट्टीचा एक आठवडा काढून वादळग्रस्त गावी जातात, पडकी घरे उभारू लागतात आणि परतल्यावर त्याविषयी बोलतात किंवा लिहितात. मराठी ख्रिस्ती परिभाषेत याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटरिना चक्रीवादळ आदळल्यानंतर असे लेखन विपुल झाले. त्याकडे एक स्वतंत्र कथनप्रकार म्हणून पाहावे असे मला वाटते. कारण त्याचे गुणदोष आपल्या वर्गांपर्यंतही पोहोचले आहेत.

या कथनाची घडण बहुधा ठरलेली असते. निघताना धाकधूक, मग विध्वंसाचे पहिले दर्शन, मग श्रम. न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला होता आणि काही वस्त्यांत ते पाणी कित्येक आठवडे साचून राहिले. त्यामुळे पहिले काम बांधण्याचे नव्हते, उचकटण्याचे होते. तोंडाला मास्क लावून कुजलेल्या गाद्या, फ्रीज आणि बुरशीने काळवंडलेले भिंतींचे फलक बाहेर काढायचे, ते लाकडी सांगाडा तेवढा उरेपर्यंत. अखेरीस घरमालकीण सर्वांना मिठी मारते आणि निवेदक म्हणतो, आम्ही दिले त्याहून अधिक घेऊन परतलो.

या शेवटच्या वाक्यापाशी समीक्षक अडखळतो आणि त्याने अडखळावेच. घर एकाचे पडले, परिवर्तन मात्र दुसऱ्याचे झाले. शिवाय निवेदकाचा काळ एका आठवड्याचा आहे, घरमालकिणीचा अनेक वर्षांचा. एक गट येऊन भिंती उचकटतो, काही महिन्यांनी दुसरा नवे फलक ठोकतो, तिसरा रंग देतो. मधल्या काळात ती तात्पुरत्या निवाऱ्यात राहून कागदपत्रे जुळवत असते. प्रत्येक गटाला एकच प्रकरण वाचायला मिळते; संपूर्ण कादंबरी ती एकटीच जगते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या साक्षींत आपत्ती बहुधा निसर्गाची असते. वस्तुतः न्यू ऑर्लिन्स बुडाले ते प्रामुख्याने पूररक्षक भिंती फुटल्यामुळे, आणि त्या उभारणाऱ्या लष्करी अभियंता विभागाने २००६ साली रचनेतले दोष मान्य केले. पुढे ‘रोड होम’ या पुनर्बांधणी योजनेत घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी, ती अनुदानासाठी आधार धरली गेली. कृष्णवर्णीय वस्त्यांत घरांच्या किमती मुळातच कमी. म्हणून तितक्याच पडलेल्या घराला तिथे पैसे कमी मिळत. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०११ साली सुमारे ६.२ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले. म्हणजे स्वयंसेवक जी भिंत उभारत होता, ती तोवर उभी न राहण्याचे कारण केवळ पाण्यात नव्हते, सरकारी हिशेबातही होते.

जेस्मिन वॉर्ड ही मिसिसिपीची लेखिका स्वतः त्या वादळातून वाचलेली. तिच्या ‘साल्व्हेज द बोन्स’ (२०११) या कादंबरीची बहुतेक पाने वादळाआधीच्या दिवसांनी व्यापली आहेत. माणसे ‘आपद्ग्रस्त’ होण्यापूर्वीही माणसे असतात, हे ती केवळ रचनेतून सांगते. आपल्याकडेही परंपरा नाही असे नाही. पंडिता रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात अमेरिकन परोपकाराचे मनापासून कौतुक केले आणि त्याच समाजातला वर्णभेदही नोंदवला. कौतुक आणि चिकित्सा एकाच लेखणीत नांदू शकतात, याचा हा मराठी दाखला.

म्हणूनच या साक्षींची टिंगल करणे मला मान्य नाही. कॅमेरे निघून गेल्यावरही मंडळ्यांचे गट वर्षानुवर्षे त्या किनाऱ्यावर येत राहिले. आमच्यासारख्यांच्या समीक्षेने एकही खिळा ठोकला गेलेला नाही.

आणि टिंगलीचा अधिकारही मला नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी घेऊन मी कृष्णाकाठच्या एका गावी गेलो होतो. तीन दिवस आम्ही एका घरातला चिखल उपसला. नंतर विद्यार्थ्यांनी अहवाल लिहिले. त्यांतल्या सर्वांत ओघवत्या अहवालाला मी सर्वाधिक गुण दिले. पुढे तो पुन्हा वाचताना ध्यानात आले की त्यात त्या घरातल्या बाईंना नाव नाही. त्या केवळ ‘एक आजी’ आहेत. नाव आठवून पाहिले, तर मलाही आठवेना. त्यांनी शेजारून मागून आणलेला चहा आम्ही तिन्ही दिवस प्यायलो होतो.

साक्ष या शब्दाला न्यायालयातलाही एक अर्थ आहे. तिथे साक्षीदाराला काय वाटले याला फारसे मोल नसते. त्याने काय पाहिले हे विचारले जाते. शिबिरांच्या अहवालांना आपण हाच निकष लावावा. घर कोणाचे, ते कशामुळे पडले, आणि आपण निघालो तेव्हा कोणते काम अपुरे राहिले होते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी यावीत. निवेदकाचे मन त्यानंतर. दिलेले गुण मला आता बदलता येणार नाहीत. त्या बाईंचे नाव मात्र त्या गावी जाऊन अजूनही विचारता येईल.